बेटावरच्या सुट्टीसाठी महिना कसा निवडावा: आधी वारा, मग पाऊस

फिलिपिन्समधलं बोराकाय बेट लांबीला जेमतेम ७ किलोमीटर. कमरेपाशी तर ते इतकं अरुंद आहे की पश्चिमेच्या किनाऱ्यावरून निघालं तर पाव तासात माणूस चालत पूर्वेच्या किनाऱ्यावर पोचतो. फेब्रुवारीत पश्चिमेचा व्हाइट बीच तळ्यासारखा शांत असतो. लहान मुलं गुडघाभर पाण्यात बसकण मारून वाळू उपसतात, नांगरलेल्या होड्या जागच्या हलत नाहीत. तिथून चालत बुलाबोगच्या बाजूला गेलं की वारा कानात घुमायला लागतो, पाण्यावर फेसाचे तुरे उठलेले दिसतात आणि वर काइटसर्फिंगचे पतंग ताणलेले असतात. ऑगस्टमध्ये सगळं उलटं होतं. तेव्हा व्हाइट बीचवर लाटा आदळतात आणि समोरच्या मोठ्या बेटावरून येणाऱ्या होड्यासुद्धा नेहमीचा धक्का सोडून आडोशाच्या धक्क्याला लागतात.

मग बोराकायला जायला चांगला महिना कोणता? पोहायचं असेल तर एक, पतंगावर स्वार व्हायचं असेल तर कदाचित तोच, पण राहायची बाजू दुसरी. उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ प्रत्येक बेटाचं असंच आहे. आपण मात्र 'तिथे पाऊस कधी असतो?' एवढंच शोधतो आणि पावसाचे महिने टाळले की काम झालं असं समजतो. बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी ऋतूंना नावं दिली ती वाऱ्याची. फिलिपिन्समध्ये अमिहान आणि हबागात, झांझिबारमध्ये कास्काझी आणि कुसी, मालदीवमध्ये इरुवाई आणि हुलहंगू. कोणत्या दिवसांत मासेमारीला जाता येईल, होडी कुठे लावायची, कोणता किनारा सुरक्षित, हे सगळं त्यांना वाऱ्यावरून कळायचं. सुट्टीचा महिना ठरवतानाही याच क्रमाने गेलं तर फसगत फार कमी होते.

पायरी १: सुट्टी कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

'आराम करायचाय' एवढ्याने भागत नाही. 'पाच वर्षांच्या मुलीला समुद्रात निर्धास्त खेळता यावं', 'स्वच्छ पाण्यात प्रवाळ आणि मासे बघायचेत', 'सर्फिंग शिकायचंय', 'डोंगरातून पायी भटकायचंय', असं नेमकं वाक्य हवं. एकाच बेटावर यातल्या प्रत्येक वाक्याला वेगळा महिना लागू शकतो.

मालदीवचंच बघा. जानेवारी ते एप्रिल हा तिथला कोरडा काळ. ईशान्येचा वारा असतो, आभाळ मोकळं असतं आणि पाण्यात लांबवरचं दिसतं. मे ते नोव्हेंबर नैऋत्येचा वारा, ढग, पाऊस. पण बा प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनीफारू खाडीत मांटा रे हे पंखांसारखे पर असलेले अवाढव्य मासे गोळा होतात ते याच ओल्या महिन्यांत. कारण या दिवसांत समुद्राचे प्रवाह सूक्ष्म जीव वाहून आणून खाडीत कोंडतात. त्या जिवांमुळे पाणी गढूळ दिसतं आणि त्यांनाच खायला मांटा येतात. म्हणजे नितळ पाणी आणि मांटांचे थवे एकाच वेळी मागणं म्हणजे समुद्राकडे दोन उलट गोष्टी मागणं. तुम्हाला कोणती हवी, ते आधी ठरवावं लागतं.

घरातल्या चौघांची चार वाक्यं निघाली तर एकाला पहिला नंबर द्या. बाकीच्यांचं बेटाची बाजू निवडून बरंचसं जमवता येतं, ते पुढे येतंच.

पायरी २: नकाशावर अक्षांश बघा

मोजून एक मिनिटाचं काम आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत. बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, आणि किती अंशांवर, एवढंच बघायचं.

ढोबळ हिशेब असा: ज्या गोलार्धात उन्हाळा, तिथे पाऊस. सूर्य डोक्यावर येतो तसा पावसाचा पट्टा त्याच्या मागोमाग सरकतो. म्हणून कॅरिबियन बेटं डिसेंबर ते एप्रिल कोरडी असतात, तर फिजी, मॉरिशस आणि बाली यांचा कोरडा काळ साधारण मे ते ऑक्टोबर. विषुववृत्ताला खेटून असलेल्या बेटांवर दोन पावसाळे असू शकतात किंवा वर्षभर थोडा थोडा पाऊस पडत राहतो. झांझिबार ६ अंश दक्षिणेला आहे. तिथे मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास छोटा, आणि मध्ये दोन कोरडे तुकडे.

अक्षांशावरून दुसरी गोष्ट कळते ती चक्रीवादळांची. वादळाला गरगर फिरवण्यासाठी पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा जो परिणाम लागतो, तो विषुववृत्तापाशी जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे ५ अंशांच्या आत चक्रीवादळ क्वचितच तयार होतं. डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ दीड अंशावर वामेई वादळ तयार झालं, ते आजही अपवाद म्हणूनच सांगितलं जातं. सेशेल्सच्या माहे बेटाला आणि मालदीवच्या दक्षिण टोकाला या पट्ट्याचा मोठा आधार आहे.

बाकीच्यांसाठी हे महिने ध्यानात ठेवा. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. दक्षिण हिंदी महासागर आणि दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त जोखमीचे. फिलिपिन्सच्या बाजूच्या प्रशांत महासागरात वर्षातल्या कोणत्याही महिन्यात टायफून येऊ शकतं, जुलै ते ऑक्टोबर सर्वाधिक.

हंगामाच्या तारखा म्हणजे भिंत नाही, हे मात्र विसरू नका. कॅरिबियनमध्ये जुलैचा आरंभ तुलनेने सुरक्षित समजला जायचा. तरी १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळाने ग्रेनाडाचं कारियाकू बेट उद्ध्वस्त केलं. फिलिपिन्समधल्या सियारगावला राय टायफूनचा तडाखा बसला तो १६ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे लोक नाताळच्या तयारीत असताना. आणि वादळाबरोबर येणारा पाऊस काय करू शकतो याचं टोकाचं उदाहरण रियुनियन बेटावरचं: जानेवारी १९६६ मध्ये तिथल्या फोक-फोक या डोंगरी ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आहे.

कॅरिबियनला जायचंच आहे आणि सुट्टी सप्टेंबरमध्येच मिळते, अशांनी अरुबा, बोनेर, कुरासाओ या तीन बेटांकडे बघावं. ती १२ अंशांवर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून आहेत आणि वादळांची नेहमीची वाट त्यांच्या उत्तरेकडून जाते. धोका शून्य नाही, पण बराच कमी. हवाही कोरडी, अरुबावर तर निवडुंगाची रानं आहेत.

पायरी ३: वाऱ्याचा बाण काढा

आता खरं काम. तुमच्या मनातल्या बेटाचा नकाशा उघडा, हवं तर हाताने कागदावर काढा. मग त्या महिन्यात वारा बहुतांश कोणत्या दिशेने वाहतो ते शोधा. हवामानाच्या संकेतस्थळांवर महिनावार वाऱ्याच्या दिशेचा आलेख असतो. त्या दिशेने बेटाकडे येणारा बाण काढा. बाण जिथे टेकतो ती वाऱ्याकडची बाजू: लाटा, वाहून आलेलं शेवाळ, डोंगर असेल तर ढग आणि पाऊस. पलीकडची वाऱ्याआडची बाजू: शांत पाणी, जास्त ऊन, पण थोडा उकाडाही.

आलेख बघताना एक चूक हमखास होते. 'ईशान्येचा वारा' म्हणजे ईशान्येकडून येणारा, तिकडे जाणारा नव्हे. बाण उलटा काढलात तर नेमक्या खवळलेल्या किनाऱ्यावर खोली घ्याल.

डोंगर उंच असेल तर दोन बाजूंमधला फरक केवढा होतो, हे हवाईच्या काउआई बेटावर कळतं. मधल्या वायालेआले शिखरावर वर्षाला १०,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर पश्चिम किनाऱ्यावर ५०० मिलिमीटरच्या आसपास. अशा बेटाचा 'सरासरी पाऊस' वाचून काही उपयोग नाही. विचारायचं ते गावाचं नाव घेऊन. हवाईत आणखी एक गुंता आहे. तिथे लाटा फक्त जवळच्या वाऱ्याने येत नाहीत. हिवाळ्यात दूर उत्तर प्रशांत महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून उत्तर किनाऱ्यांवर फुटतात. काउआईची हनालेई खाडी जुलैत पोहायला मऊ असते, जानेवारीत तीच जिवावर बेतू शकते.

बाण काढायची सवय लागली की सेशेल्ससारखं ठिकाण उलगडायला लागतं. आकड्यांत बघितलं तर माहे बेटावर जानेवारीत ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि जुलैत ८० च्या आसपास. कुणीही जुलै निवडेल. पण मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे जोरात वाहतात. ला डीग बेटाचा ग्राँ आन्स आणि माहेच्या दक्षिणेचा आन्स इंतान्दान्स हे किनारे तेव्हा मोठ्या लाटांचे आणि ओढीचे असतात. प्रालाँ बेटावरच्या त्याच नावाच्या, ग्राँ आन्स किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचे ढीग येतात. त्याच जुलैत प्रालाँचा आन्स लाझिओ आणि माहेचा बो वालाँ हे वायव्येकडे तोंड असलेले किनारे शांत. डिसेंबर ते मार्च वारा फिरतो आणि अदलाबदल होते. दोन वाऱ्यांच्या मधल्या संधिकाळात, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वारा पडलेला असतो, समुद्र सगळीकडून सपाट असतो आणि पाण्यातली स्वच्छता सर्वांत चांगली. मला विचाराल तर वाऱ्यावर चालणाऱ्या बहुतेक बेटांसाठी हे संधिकाळाचे आठवडेच सगळ्यात सुंदर, आणि त्यांच्याकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष जातं.

मॉरिशसचं सूत्र त्यामानाने सोपं. जून ते ऑगस्ट हवा कोरडी आणि थंडसर, पण आग्नेय व्यापारी वारे पूर्वेच्या बेल मारवर थेट आपटतात. पश्चिमेचं फ्लिक-आँ-फ्लॅक डोंगरांच्या आडोशाला. समुद्राचं पाणी ऑगस्टमध्ये २३ अंशांपर्यंत उतरतं, फेब्रुवारीत २७-२८ असतं. थंडी सोसत नसेल तर हा फरक पाण्यात शिरल्याबरोबर जाणवतो.

कधी बेटाच्या दोन बाजूंऐवजी देशाच्या दोन बाजू बघाव्या लागतात. थायलंडमध्ये फुकेत आणि को सामुई यांच्यात सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर अंतर. नोव्हेंबरात फुकेतचा पाऊस ओसरत असतो, तर सामुईवर वर्षातला सर्वाधिक पाऊस त्याच महिन्यात, कारण ईशान्येचा वारा थायलंडच्या आखातावरून बाष्प उचलून थेट तिथे आणतो. मलेशियातही असंच: पश्चिमेचं लंकावी डिसेंबर-जानेवारीत उघडलेलं, आणि पूर्वेची पेरहेंतियान, रेदांग बेटं तेव्हा बंद. श्रीलंकेत मिरिस्सा, उनवटुना यांचे दिवस डिसेंबर ते मार्च, आणि पूर्वेच्या त्रिंकोमाली, पासिकुडा यांचे मे ते सप्टेंबर. चुकीच्या महिन्यात तिकीट काढून बसला असाल तर बऱ्याचदा तिकीट रद्द करावं लागत नाही, किनारा बदलला तरी चालतं.

पायरी ४: पावसाचे आकडे नीट वाचा

महिन्याला २०० मिलिमीटर पाऊस, असं तक्त्यात दिसलं की पोटात गोळा येतो. पण तो पडतो कसा, हे त्या आकड्यात नसतं. पाच दिवस दुपारी तासभर धो धो कोसळून २०० भरू शकतात आणि बाकीचे पंचवीस दिवस लख्ख ऊन असू शकतं. किंवा बावीस दिवस आभाळ झाकोळलेलं, दिवसभर रिपरिप, कपडे वाळत नाहीत, आणि बेरीज तीच २००. सरींचा पाऊस आणि झडीचा पाऊस यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तक्ता तो सांगत नाही एवढंच.

म्हणून तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा: एकूण पाऊस, पावसाचे दिवस, आणि रोजचे सूर्यप्रकाशाचे तास. यांतला तिसरा सर्वांत बोलका, आणि तोच बघायचा राहून जातो. उष्ण कटिबंधात वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपास असतो. त्यातले सात-आठ तास ऊन असेल तर पाऊस कितीही दिसो, सुट्टी चांगली जाईल. चार तासांच्या खाली आकडा असेल तर ती झड आहे.

पावसाची वेळही महत्त्वाची. मोठ्या, डोंगराळ बेटांवर जमीन तापून दुपारनंतर ढग चढतात, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते: बोटीची फेरी, चढण, डायव्हिंग सगळं सकाळी उरकायचं. सपाट, चिमुकल्या प्रवाळबेटांवर जमीन फारशी तापतच नाही; तिथे समुद्रासारखाच पाऊस रात्री आणि पहाटे जास्त. रात्रभर छपरावर पाऊस वाजावा आणि नऊच्या सुमारास उघडीप मिळावी, असं तिथे पुष्कळदा होतं.

एक सावधगिरी ढगाळ दिवसांसाठी. या अक्षांशांवर अतिनील किरणांचा निर्देशांक सहज ११ च्या वर जातो आणि पातळ ढग त्याला फारसे अडवत नाहीत. वारा असला की उन्हाचा चटका कळतही नाही, संध्याकाळी पाठ सोलवटलेली असते.

पायरी ५: भरती-ओहोटी तपासा

ही पायरी सगळ्या बेटांना लागत नाही. कॅरिबियनमध्ये पाणी बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही वरखाली होत नाही, तिथे सोडून द्या. पण झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर हाच मुद्दा सुट्टी घडवतो किंवा बिघडवतो.

पाजे गावचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. सकाळी खोलीचं दार उघडता आणि समुद्रच नसतो. काल संध्याकाळी जिथे निळं पाणी होतं तिथे ओली वाळू, मध्ये मध्ये डबकी, आणि समुद्र लांब क्षितिजापाशी एक पांढरी रेघ. त्या उघड्या पडलेल्या तळावर बायका वाकून काम करताहेत: वाळूत रोवलेल्या खुंट्यांना दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांना समुद्री शेवाळाचे झुबके बांधलेले. ही त्यांची शेती, आणि पाणी परत यायच्या आत त्यांना ती उरकायची असते. बघायला हे विलक्षण आहे. पण सहा दिवसांच्या मुक्कामात रोज सकाळी पोहायचा बेत असेल तर पंचाईत होते.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथे पाणी सुमारे ४ मीटर वरखाली होतं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, फरक बराच कमी असतो. शिवाय एका ठिकाणी उधाणाच्या ओहोटीची वेळ दर पंधरवड्याला जवळपास तीच येते, फक्त दिवसागणिक सुमारे ५० मिनिटं पुढे सरकत जाते. त्यामुळे महिना ठरल्यावर भरतीचं कोष्टक उघडून आठवडा निवडता येतो: दुपारी भरती हवी की सकाळी, तसा. आठवडा बदलता येत नसेल तर जागा बदला. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला नुंग्वी आणि केंद्वा इथे पाणी इतकं मागे हटत नाही.

चंद्राचा आणखी एक उपयोग आहे. रात्री चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या जवळच्या रात्री गाठा.

पायरी ६: पाण्यातल्या पाहुण्यांचं वेळापत्रक

काही गोष्टी फक्त ठरावीक आठवड्यांतच दिसतात, आणि त्यासाठी हवामानाशी थोडी तडजोड करायला काहीच हरकत नाही. टोंगाच्या पाण्यात कुबड्या देवमासे पिल्लं घेऊन असतात ते जुलै ते ऑक्टोबर. हवाईच्या माउईजवळ डिसेंबर ते एप्रिल. बालीजवळच्या नुसा पेनिदाला मोला मोला हा गाडीच्या चाकासारखा गोल, प्रचंड मासा जुलै ते ऑक्टोबरच्या थंड पाण्यात वर येतो. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पहिला पाऊस पडला की कोट्यवधी लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात. अंडी सोडण्याची त्यांची वेळ चंद्राच्या शेवटच्या चतुर्थकाशी बांधलेली असते आणि त्यांच्यासाठी रस्ते बंद ठेवले जातात. इथे कोरडा महिना निवडणाऱ्याला ते दिसणारच नाहीत.

नको असलेले पाहुणेही वेळेवर येतात. २०११ पासून कॅरिबियनमध्ये सार्गासम या तपकिरी शेवाळाचे लोंढे येऊ लागले आहेत. ते प्रामुख्याने वसंत आणि उन्हाळ्यात, पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर साचतं, कुजतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पुन्हा तोच बाण कामाला येतो: पश्चिम किनारा घ्या. हवाईतल्या ओआहू बेटाच्या वायकिकी किनाऱ्यावर पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी दंश करणारे पेटीच्या आकाराचे जेलीफिश किनाऱ्याला येतात. ते दिवस आधीच मोजता येतात.

पायरी ७: काय बंद, कुठे गर्दी

थायलंडचं सिमिलान राष्ट्रीय उद्यान साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. तिथल्याच फी फी बेटांवरची माया खाडी २०१८ ते २०२१ पूर्ण बंद ठेवली होती आणि आता दर वर्षी काही आठवडे विश्रांती दिली जाते. बालीत न्येपी हा मौनाचा दिवस बहुधा मार्चमध्ये येतो: २४ तास विमानतळ बंद, रस्त्यावर कुणीही नाही, पर्यटकांनीही हॉटेलातच राहायचं. कल्पना असेल तर तो दिवस अपूर्व आहे, कारण दिवे मालवल्यामुळे रात्री आकाश ताऱ्यांनी भरून जातं. कल्पना नसेल तर परतीचं विमान चुकतं.

गर्दीचं गणित थोडक्यात: नाताळ ते नववर्ष सगळीकडे सर्वांत महाग, जुलै-ऑगस्ट युरोपच्या शाळांची सुट्टी, जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाचा आठवडा आग्नेय आशियात भरगच्च. ऐन हंगामाच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे शोधा. बालीसाठी मे आणि सप्टेंबर, कॅरिबियनसाठी एप्रिलअखेर ते मे, फुकेतसाठी मार्चअखेर. हवा जवळपास तीच, दर उतरलेले, आणि होडीत बसायला जागा.

पायरी ८: यंदाचं वर्ष कसं आहे

तक्ते तीस वर्षांच्या सरासरीचे असतात. एल निन्यो (विषुववृत्तालगतच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं) असेल तर इंडोनेशियाकडे पाऊस कमी पडतो, अटलांटिकमधली वादळं सहसा घटतात आणि मध्य प्रशांत महासागरात ती वाढतात. ला निन्या असेल तर साधारण उलट. तीन-चार महिने आधी एवढी एक गोष्ट तपासा. प्रवाळ बघायला जाणाऱ्यांनी त्या भागात अलीकडे प्रवाळ पांढरं पडलं आहे का हेही विचारून घ्यावं; एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर झाली आणि पुष्कळ बेटांना तिची झळ बसली.

तारखा आधीच ठरल्या असतील तर

बहुतेकांची अडचण हीच असते: महिना हातात, बेट शोधायचंय. तेव्हा हीच साखळी उलटी चालवा. जानेवारी ते मार्च असेल तर मालदीव, श्रीलंकेचा नैऋत्य किनारा, फुकेतची बाजू, व्हिएतनामचं फू क्वोक, कॅरिबियन. एप्रिल-मे: सेशेल्स, आणि मेमध्ये बाली-फिजी. जून ते ऑगस्ट: बाली, लोंबोक, फिजी, झांझिबार, मॉरिशसचा पश्चिम किनारा, पेरहेंतियान, त्रिंकोमाली. सप्टेंबर हा उत्तर गोलार्धासाठी अवघड महिना, विषुववृत्ताच्या दक्षिणेला जा. ऑक्टोबर: सेशेल्स, मॉरिशस, फिजी. नोव्हेंबर सगळ्यात फसवा, कारण वारे फिरत असतात. त्या महिन्यात पायरी ३ दोनदा करा. डिसेंबरात फुकेत किंवा कॅरिबियन, खिसा परवानगी देत असेल तर.

बुकिंग करताना

शेवटच्या होडीवर आणि त्याच दिवशीच्या विमानावर भरवसा ठेवू नका. समुद्र खवळला की लहान बेटांच्या फेऱ्या सर्वांत आधी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळ असलेल्या बेटावर मुक्काम ठेवा. मालदीवला समुद्रविमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं आंतरराष्ट्रीय विमान संध्याकाळी उतरत असेल तर पहिली रात्र मालेजवळच काढावी लागेल, ती खर्चात धरा.

वादळाच्या हंगामात जात असाल तर प्रवासविमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला एकदा नाव मिळालं की त्यानंतर काढलेला विमा सहसा त्या वादळाचं नुकसान भरून देत नाही. हॉटेलकडून लेखी विचारून घ्या: विमानतळ बंद झाला तर पैसे परत की तारीख बदलून?

खोली घेण्याआधी हॉटेलला एकच प्रश्न पाठवा. 'हवामान कसं असेल?' असं विचारलंत तर 'उत्तम' असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: 'त्या आठवड्यात तुमच्या समोरच्या पाण्यात लोक पोहतात का, की तुम्ही त्यांना दुसऱ्या किनाऱ्यावर पाठवता?' याचं उत्तर गोलमाल आलं तर नकाशावर काढलेला बाण पुन्हा बघा. निघायच्या आठवडाभर आधी अंदाज उघडाल तेव्हा रोजच्या रकान्यात पावसाचं चित्र असेलच. उष्ण कटिबंधात ते जवळपास नेहमी असतं. त्याखालचा वाऱ्याचा वेग आणि दिशा वाचा, लाटांची उंची वाचा, आणि पहिल्या दिवशी कोणत्या किनाऱ्यावर टॉवेल टाकायचा ते तिथूनच ठरवा.